मुक्या पट्टीचा वळसा

आमच्या चर्चचा पाइप ऑर्गन माझ्या आजोबांहून वयाने मोठा, आणि स्वभावाने अगदी तसाच. त्याची मधली एक काळी पट्टी बावीस वर्षं रुसलेली. दाबली तरी हूं नाही की चूं नाही. दुरुस्तीला कोणी येईना, म्हणून तो वाजवणाऱ्या माझ्या आत्याने बोटांना वळसा घालायला शिकवलं. बोटांमागून सगळं चर्च शिकलं. आमचं प्रत्येक गीत त्या जागी खड्डा चुकवणाऱ्या सायकलसारखं बाजूला व्हायचं, आणि खरी चाल हीच, असं आम्ही समजत होतो.

मग आमचं छप्पर धोक्याचं ठरलं. ऑर्गन नळी-नळी सुटा होऊन, चादरींत गुंडाळून नदीपलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये गेला. पाठोपाठ आम्हीही. तिथे कारागिराने रुसलेली पट्टी बोलती केली. पण सरावाला आत्याने वाजवलं, तर तिथले गाणारे गोंधळून थांबले.

"बाई, तिथे सूर चुकतोय," त्यांचे मास्तर म्हणाले. "दोन आठवडे घ्या. नाही जमलं, तर आमच्याकडे वाजवणारा आहे."

ऑर्गन सोडून आत्याला दुसरा संसार नव्हता. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर खडूने पट्ट्या आखल्या आणि भाजी चिरून झाली की बोटं चालवू लागली.

"कप उचल तिथून," ती मला म्हणाली.

"कुठून?"

"काळीवर ठेवलायस. आत्ता कुठे बोलायला लागलीय ती."

रविवारी तिची बोटं चुकली नाहीत. चुकलो ते मागच्या दोन बाकांवरचे आम्ही. सगळं चर्च सरळ गेलं आणि आम्ही अठरा जणांनी इमानाने खड्डा चुकवला. त्यात बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

उपासना संपल्यावर मास्तर आले. "मागे काय चाललं होतं?"

आत्या उठून उभी राहिली. "त्यांना बोल लावू नका. मीच शिकवलंय तसं."

मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला. "मग सरळही तुम्हीच शिकवा. दर रविवारी अर्धा तास आधी आणा सगळ्यांना."

आत्या खाली बसली. ताप उतरलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं, तसं तिने त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

घरी मी फडकं घेऊन टेबल पुसायला गेलो.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या बापाला सरळ चाल शिकायला लागेल."

"या वयात?" बाबा कुरकुरले.

"बस, दादा."

बाबा मुकाट्याने खुर्ची ओढून बसले. कप मात्र हातातच धरून.