दादांच्या दहाव्याची यादी

वीस वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका सोमवारी दुपारी, मी कोपरगाव स्टेशनवर दिल्लीच्या गाडीत बसलो. तिथल्या एका हिंदी वर्तमानपत्रात उपसंपादकाची नोकरी लागली होती. सोडायला दादा आले होते. दादा म्हणजे माझे वडील. माझे धाकटे चुलते, आप्पा, त्यांना दादा म्हणायचे. एकत्र घरात मूल जे ऐकतं तेच बोलतं, म्हणून मीही दादाच म्हणत आलो. गावातल्या निम्म्या घरांत असंच होतं. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चार पावलं चालत ते एवढंच म्हणाले, "बातमी लिहिताना कुणाच्या पुढंपुढं करू नको."

दिल्लीत दादांचा फोन आला की सहकारी माझ्या आजोबांची तब्येत विचारायचे. हिंदीत दादा म्हणजे आजोबा. शेजारच्या टेबलावरचा बंगाली उपसंपादक मलाच दादा म्हणायचा आणि चहावाल्यालाही. मुंबईहून बदलून आलेल्या एकाने विचारलं, तुझे वडील कुठल्या गल्लीचे दादा? सगळे हसले. मीही हसलो. दरवेळी खुलासा करण्याचा कंटाळा आला आणि सहा महिन्यांत मी ‘पापा का फोन है’ म्हणू लागलो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा फोन हातात होता आणि पलीकडे दादा होते. त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी जेवण झालं का, ते विचारलं.

मुलगी दिल्लीत जन्मली. ती त्यांना दादा म्हणू लागली तेव्हा ते खूष झाले. "हिच्या भाषेत मी बरोबर बसतो," ते म्हणाले. "तुझ्या भाषेत मी तुझा थोरला भाऊ निघालो."

दादा प्राथमिक शिक्षक होते. आवाज खणखणीत, त्यामुळे पंचक्रोशीतल्या दहाव्यांना माईक त्यांच्याच हातात असायचा. आमच्याकडे गोदावरीच्या घाटावर दशक्रिया विधी चालू असताना पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. कोण आधी बोलणार, कोण नंतर, याची यादी लागते. मोठं नाव शेवटी. एखादं नाव राहिलं तर ते घर पुढची निवडणूक होईपर्यंत बोलत नाही. दादांनी अशा याद्या वर्षानुवर्षं केल्या.

एका दहाव्याला एका पुढाऱ्याने मृताऐवजी त्याच्या जिवंत भावाचं नाव घेऊन श्रद्धांजली वाहिली. भाऊ समोरच बसला होता, डोकं भादरलेलं. कुणी दुरुस्ती केली नाही. माईक दादांकडे होता, त्यांनीही केली नाही. घरी येऊन त्यांनी पुन्हा अंघोळ केली. त्यानंतर ते घाटावर माईक धरायला गेले नाहीत. त्या दिवाळीला मी घरी होतो. म्हणाले, "माझ्या दहाव्याला माईक लावू नको. एवढं कर." मी हो म्हणालो.

दादा गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी गेले. मी बुधवारी पोचलो.

नवव्या दिवशी दुपारी आप्पा ओसरीवर येऊन बसले. त्यांचा मुलगा संदीप पंचायत समितीच्या तिकिटाच्या खटपटीत होता. तिकीट ज्यांच्या हातात होतं ते साहेब उद्या स्वतः येणार असल्याचा निरोप त्याने आणला होता. मी दादांची इच्छा सांगितली. आप्पांनी ऐकून घेतलं.

"मेलेल्या मानसाला काय कळतंय?" ते म्हणाले. "जित्त्यांना हितंच ऱ्हायचंय. तू जाशील परवा."

माझ्याकडे परवाचं तिकीट होतं. 

"मंग यादी तूच लिही," आप्पा म्हणाले. "तुजं अक्षर दादासारखं हाय."

मी लिहिली. कार्यालयात शिकलेली सगळी काळजी घेतली. एकाच्या नावाआधी ‘माजी’ राहिलं होतं, ते घातलं. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे शेजारी आले होते, त्यांच्यामध्ये पतसंस्थेचा चेअरमन टाकला. साहेबांचं नाव शेवटी. एकूण तेवीस नावं झाली. संदीपने कागद वाचला आणि म्हणाला, "लईच भारी. दादांची आठवण आली."

साहेब दीड तास उशिरा आले. तोवर पिंडाच्या भातावर माश्या बसल्या होत्या. गुरुजी दोनदा घड्याळ बघून पुन्हा बसले. आप्पाही माझ्यासारखेच ओल्या धोतरात कुडकुडत होते, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. कार्यकर्त्यांनी चहाचे कागदी कप नदीत टाकले. एकाने पिंडांपासून हातभर अंतरावर गुटख्याची पिचकारी मारली आणि तिच्यावर चप्पल फिरवली. कर्णे झाडांना बांधले होते, त्यामुळे एकही कावळा फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववला.

साहेब माझ्या वडिलांना कधी भेटले नव्हते. भाषणात त्यांनी अकरा वेळा दादा म्हटलं. मोजायची सवय आहे. दादांचं अपुरं स्वप्न संदीपच्या रूपाने पूर्ण करा, असं सांगून ते हात जोडून उभे राहिले, फोटो होईपर्यंत. दादांचं असं स्वप्न मला माहीत नव्हतं. आभाराला माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, माईक घेतला आणि सर्वांत आधी साहेबांचे आभार मानले. घरी येऊन दोनदा अंघोळ केली. काही फरक पडला नाही.

जे माझ्यासारखे निघाले, ते गावाबद्दल लिहिताना विहीर, चिंच, शाळा लिहितात. मीही लिहिलं आहे, ते छापूनही आलं आहे. जे तिथेच राहिले, त्यांनी ते वाचून मला चांगलं म्हटलं आहे. आता घर म्हटलं की मला ओसरीवरचा तो कागद दिसतो आणि त्यावरचं अक्षर, जे माझं आहे की दादांचं, हे लांबून सांगता येत नाही.

संदीपला तिकीट मिळालं. तो निवडून आला.

गेल्या आठवड्यात त्याचा दिल्लीला फोन आला. शेजारच्या गावात एकाचं दहावं होतं. यादी बसत नव्हती, दोन गटांचं नाजूक होतं. मी बघून देतो का, असं त्याने विचारलं. नावं त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली. फोन ठेवल्यावर मुलीने विचारलं, किसका फोन था? मी म्हणालो, घर से.

यादी मी अर्ध्या तासात परत पाठवली. चौदा नावं होती. साहेबांचं शेवटी.