एकवीस रोडगे आणि देवाची तिसरी तारीख

देवाकडून मी दोन तारखा आधीच घेतल्या होत्या. आमची कमळ विषमज्वरातून उठली तेव्हा सौ.ने दर्यापूरच्या अलीकडच्या, नदीकाठच्या महादेवाला नवस केला होता: मुलीच्या बापाने माघात तिथे जाऊन स्वतःच्या हाताने रोडगे भाजावेत, एकवीस माणसांना वाढावेत, आणि ते होईतो सौ.ने स्वतः गोडाला शिवू नये. मी पडलो वकील, त्यातून नास्तिक. पहिल्या माघात मला खटला होता, दुसऱ्या माघात सर्दी. दोन दिवाळ्या ही बाई आम्हाला करंज्या वाढून स्वतः चिवडा खात बसली. यंदा माघाचा शेवटचा रविवार तेवढा उरला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, कोर्टात तरी तिसरी तारीख मिळते का?" मिळते, चांगली दहावीसुद्धा मिळते. पण हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

अमरावतीहून दर्यापूरकडे निघणाऱ्यांनी मोटारीच्या वेळेवर भरवसा ठेवू नये. मोटार वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. शनिवारी सकाळी आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो तर ती भरून घुरघुरत होती. ड्रायव्हर पान चघळत म्हणाला, "जागा नाई साहेब."

"मी वकील आहे," मी म्हणालो.

"मंग पायी जा ना. वकिलाले कोन अडवते?"

मोटार गेली. तिच्या धुळीत उभा राहून मी त्याला सुनवायचं एक फक्कड वाक्य तयार केलं, पण ऐकायला तो नव्हता.

वलगावपर्यंत बारा आण्यांत टांगा मिळाला. पुढे खोलापूरला निघालेल्या सरकीच्या बैलगाडीत पोत्यांवर बसलो. पोत्यावर बसणं दिसतं तितकं वाईट नाही, पहिले दोन तास. कमळ मजेत होती. सौ. कणकेचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. मी दर मैलाला एकदा माझं वाक्य सुधारत होतो.

खोलापूरला मुक्काम करायचा तर ओळखीचं एकच घर होतं, संपतरावांचं. आणि मी त्यांचा खटला हरलेलो. त्यांच्या खरेदीखतात विहीर होती, पण विहिरीकडे जायची वाट लिहायची राहून गेली होती. वाट त्यात आलीच, असं मी नागपूरपर्यंत ओरडून सांगितलं. 'कागदात नाही ते गृहीत धरता येत नाही,' म्हणून जज्जसाहेबांनी आम्हाला वाटेला लावलं. तेव्हापासून संपतराव अर्धा कोस वळसा घालून स्वतःच्या विहिरीवर जातात. दाराशी मी घुटमळलो, तर तेच पुढे आले. "हरन्या-जितन्याचं काय घेऊन बसले साहेब? आंघोळीले पानी तापलं हाय." ते पाणी कुठल्या वाटेने आलं असेल, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

रविवारी पहाटे अवकाळी पाऊस कोसळला आणि थांबला. संपतरावांनी स्वतःची रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपली, ताडपत्रीखाली गोवऱ्या आणि वांगी भरली, नि हाकायला स्वतःच बसले. देवळालगतच्या गावातल्या एकवीस माणसांना त्यांनी रात्रीच निरोप धाडला होता. आम्ही पोचलो तर गावात चिटपाखरू नाही. पाटलाच्या मुलीचं लग्न, सगळा गाव पंगतीला, देवळाचा गुरवसुद्धा तिकडेच.

"भरल्या पोटी रोडगा कोन खाईन, बापा," संपतराव म्हणाले. "पन तुमी भाजा तं खरं."

आता रोडग्याविषयी, करू इच्छिणाऱ्यांसाठी. गव्हाचं पीठ जाडसर दळावं, कणीक घट्ट मळावी, एकात एक पाऱ्या घालून गोळा वळावा. गोवऱ्या पुरत्या जळून निखारा झाला की मगच त्यात गोळे पुरावेत. मी वकिली घाईने, जाळ उसळत असतानाच पुरले. बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक, असे अकरा रोडगे निघाले.

"काहून घाई करून राहिले साहेब?" संपतरावांनी विचारलं. "विस्तवालेई तारीख द्या लागते."

पुन्हा मळलं, पुन्हा वळलं, बोटाला फोड आणला. तिसऱ्या प्रहरी एकवीस रोडगे खरपूस तयार झाले, वरण झालं, वांग्याची भाजी झाली. माणूस मात्र एक नाही. सौ.ने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. उत्तरं मला सुचतात. ती नुसती रस्त्याकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं. मी गाभाऱ्यापुढे जाऊन उभा राहिलो. हात जोडले नाहीत, पण ते ठेवायचे कुठे तेही कळेना.

तेवढ्यात कमळ ओरडली, "बाबा, माणसं!"

रस्त्यावरून चपला हातात घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखल माखलेली माणसं येत होती. अमरावतीची मोटार अर्ध्या मैलावर काळ्या मातीत चाकं गाडून बसली होती. सगळ्यांत मागे कालचाच ड्रायव्हर. मला पाहताच तो पायरीपाशी थबकला. "मी नाई बसत साहेब. बाकीच्यायले वाढा."

कालपासून घोटलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं. पण त्याच्या मिशीलासुद्धा चिखल लागला होता आणि डोळे रोडग्यावर होते. "बसा," मी म्हणालो. "पायी आलात, दमला असाल. तूप किती वाढू?"

कोण कोणाशेजारी बसलं हे बघायला भुकेने कोणाला सवड ठेवली नव्हती. मी वाकून वाढत होतो, धोतराला वरण लागत होतं, कोणी "वकीलसाहेब, भाजी" म्हणे आणि मी धावे. खरं सांगतो, खटला जिंकल्यावरही मला इतकं बरं वाटलेलं नाही.

कमळने मोजले. मोटारीचे एकोणीस, संपतराव विसावे. एक कमी. सूर्य टेकायला आला होता.

"मी जेवू?" कमळ म्हणाली.

"नवस तुझ्यासाठी. तू त्यात कशी धरायची?" सौ.चा आवाज ओला झाला.

संपतरावांनी घास खाली ठेवला. "वहिनी, नवस बोलनारीनं जेवू नये, असं बोलल्या होत्या काय तुमी?"

"तसं नाही. पण ते गृहीतच—"

"कागदात नाई थे गृहीत धरता येत नाई," संपतराव म्हणाले. "हा कायदा मले लय महाग पडला हाय. बसा."

मी एकविसावं पान मांडलं. सौ. बसली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तिला वाढायची माझी ही पहिलीच वेळ. तिला भाजी किती लागते ते मला ठाऊक नव्हतं. "पुरे का?" असं परक्यासारखं विचारावं लागलं. तिने मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. मग संपतरावांनी कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून तिच्या पानावर ठेवला.

सोमवारी त्याच मोटारीने परतलो. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ती ढकलून काढली होती. ड्रायव्हरने आम्हाला पुढची जागा दिली आणि वलगावपर्यंत रोडग्याचं कौतुक केलं. देव आहे की नाही, या मुद्द्यावर मी निकाल राखून ठेवला आहे. बोटाचा फोड आठवडाभर टिकला. संपतरावांच्या वाटेसाठी शेजाऱ्याशी मी स्वतः बोलायला जाणार आहे, या वेळी वकिलीचा कोट न घालता.

घरी पोचल्यावर सौ.ने शिरा केला आणि माझं पान मांडलं. मी तिच्या हातातून पळी घेतली. "तू बस."

"नवस फिटला की," ती म्हणाली. "आता हा कोणाचा?"

"माझा."

ती खाली बसली आणि पान पुढे ओढलं.