ग्राफवाल्या नानांचा जुना कॉम्प्युटर

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर मला कोणी लिहायला लावलं नाही. घरी आम्ही अहिराणी बोलतो, पण पेन हातात धरला की शाळेतली भाषा येते. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी नानांचं लिहून ठेवावंसं वाटलं.

नानांचा उजवा हात त्यांच्या डोक्याच्या आधी चालायचा. तरुणपणी त्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले होते. लूमवर धागा तुटला की आधी यंत्र बंद करायचं, मग बघायचं. उशीर झाला तर कापड वाया जातं आणि पगारातून कापतात. ती सवय त्यांच्या हातात कायमची बसली. पंखा जरा खडखडला की बटण बंद. रेडिओ खरखरला की बंद. माणसांच्या बाबतीत मात्र उलट. मी बोलता बोलता अडखळते, तेव्हा बाकीचे माझं वाक्य स्वतः पूर्ण करतात. नाना गप्प बसून वाट बघायचे.

लिंबायतला, लूमवाल्यांच्या वस्तीत, आमच्या समोरच्या खोलीत ते एकटे राहत. लूम सुटल्यावर ते साडीच्या डिझाइनचे ग्राफ भरायला शिकले. चौकटीच्या मोठ्या कागदावर एकेक चौकट रंगवायची, त्यावरून पुढे लूमची भोकांची कार्डं पाडतात. म्हणून गल्लीत ते ग्राफवाले नाना. पुढे कागद जाऊन कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांनी एक जुना घेतला. "कागद काय आनं काच काय, चौकट ती चौकटच," म्हणायचे.

आमचे हे रात्रपाळीला. दिवसा झोपायचे, म्हणून भांडंही वाजवायचं नाही. मूलबाळ नाही. साड्यांना टिकल्या चिकटवत मी दारात बसायची. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललंच तर ते नाना, तेही समोरच्या दारातून. "बाई, आज भाजी काय?" एवढंच. पण तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग एका वर्षी त्यांच्या शेठने सांगितलं की दिवाळीनंतर डिझाइन नव्या प्रोग्रामवरच पाहिजे, नाहीतर काम दुसरीकडे देतो. नवा प्रोग्राम अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवरच चालायचा. आणि नानांचा कॉम्प्युटर ती विंडोज घेईना. आतला प्रोसेसर जुना आहे असं लिहून यायचं आणि सगळं तिथंच थांबायचं. कॉम्प्युटरच्या गुजराती दुकानदाराने सरळ सांगितलं, "आमां नहीं चाले, काका. नवो लई लो." नव्याचे पैसे कुठून आणणार?

"काम गेलं तर गावाले जावं लागी," नाना मला म्हणाले. गावाला त्यांचं कोणी उरलं नव्हतं. आणि ते गेल्यावर इथे माझं कोण उरणार होतं, ते मी कोणाला सांगणार?

नानांनी दुकानदाराचा पिच्छा पुरवला. शेवटी त्याने एक युक्ती सांगितली. विंडोज बसवताना हुकमापुढे दोन अक्षरं टाकायची, म्हणजे ती प्रोसेसर तपासतच नाही. नानांनी मला समजावलं, "जकात नाक्यावर गाडी अडवतात ना, तसं. नाकेदाराला म्हणायचं, बाबा, आमचा टेम्पो बघू नको, जाऊ दे." पण त्यासाठी मेमरीची एक पट्टी जास्त लागणार होती, आणि ती महाग होती. मला नुकतीच भिशी लागली होती. मी पैसे त्यांच्या उंबऱ्यावर ठेवले आणि "घ्या" म्हणाले. ते पुढच्या वाक्यासाठी थांबले, पण मी परत येऊन टिकल्या चिकटवायला बसले.

पट्टी बसली. दोन अक्षरांची युक्तीही चालली. पण जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज बसवायचं काम इतकं सावकाश व्हायचं की पडदा मध्येच एका जागी गोठून राही. गोठला की नानांचा हात भिंतीवरच्या बटणावर. दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा सगळं अर्धवट बिघडलं. दुकानदार चिडला. पुन्हा मध्येच बंद केलंत तर डिस्कच जाईल, मग माझ्याकडे येऊ नका, म्हणाला.

मग नाना माझ्या दारात आले. "बाई, तू बटनापुढे बसजो. मी हात लावाले लागनू ते माले वरडजो."

लूमच्या सुट्टीचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी व्होल्टेज पडत नाही. सगळी गल्ली शांत होती. नानांनी दार सताड उघडं ठेवलं. मी टिकल्यांच्या साड्या घेऊन भिंतीशी बसले, बटणाला पाठ लावून. शेजारीण दारातून जाता जाता म्हणाली, "काय वं, कॉम्प्युटर शिकी राह्यनी का तू?" मी मान खाली घातली. नाना म्हणाले, "शिकाडी राह्यनी. माले."

पडदा गोठला. बराच वेळ गेला. नाना उठले, हात पुढे आला. मी आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते. "बसा!" म्हणाले. ते खरंच बसले, आणि मग हसायला लागले.

"माझ्या बायकोने असं कधी दटावलं नाही," ते म्हणाले. "लूमचा आवाज तिला सहन झाला नाही. गावाला गेली. मी म्हटलं, जरा काम जमू दे, मग आणतो. तिथंच वारली."

मी म्हटलं, "नाना, हे बंद पडलं का?"

"नही. इचार करी राह्यनं."

संध्याकाळी पडद्यावर विंडोजचं ढगांचं चित्र आलं. नाना म्हणाले, "चालनं."

कॉम्प्युटर पुढेही गोगलगाईसारखाच चालायचा. पण शेठला डिझाइन वेळेवर मिळाली. तो इतका खूश झाला की त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडकडच्या नव्या जागेत नानांना नोकरी दिली, शेजारी खोलीही दिली. ज्या गोष्टीसाठी मी बटणाला पाठ लावून बसले होते, तिनेच नानांना समोरच्या खोलीतून नेलं. कॉम्प्युटर त्यांनी माझ्या गोधडीत बांधून टेम्पोत ठेवला.

तिकडून ते पगार झाला की यायचे, पट्टीचे थोडे थोडे पैसे फेडायचे. उंबऱ्याबाहेर बसून चहा घ्यायचे, हळू आवाजात बोलायचे, कारण आत हे झोपलेले. "घाई नाही, नाना," मी दर वेळी म्हणायची. ते म्हणायचे, "उधारीने तुझी नाही, पण माझी झोप जाते ना."

शेवटच्या वेळी त्यांनी नोटा पुढे केल्या. "एवढ्यात पुरं होतं, बाई. मोजून घे."

याआधी मी कधी मोजले नव्हते. त्या दिवशी मोजले. मोजणं होईपर्यंत त्यांना उठता येणार नव्हतं, म्हणून एकेक नोट सरळ करत सावकाश मोजली. मध्येच चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून धरलं. नाना वाट बघत बसले.

"बरोबर आहेत," मी म्हणाले. सगळे पैसे फिटले होते.