अर्नी लेगेटची सही

अर्नी लेगेट मूळचा आमच्या गावचा नव्हता. दुसरं महायुद्ध संपल्यावर जर्मनांच्या कैदेतून सुटून तो इथे आला, तो डेनिस ब्रॅकनबरीच्या घरच्यांना भेटायला. दोघे एकाच लँकेस्टर बॉम्बरवर होते. डेनिस वायरलेसवर, अर्नी शेपटीतल्या काचेच्या घुमटात मशीनगनवर. बर्लिनहून परतताना रात्री त्यांचं विमान पडलं आणि सातजणांत अर्नी तेवढा वाचला. डेनिसच्या आईला आणि बहिणीला हे सांगायला म्हणून आला आणि राहिलाच. साखर कारखान्यात माझ्याबरोबर फिटर म्हणून लागला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, पुढे ती वारलीही. डेनिसची बहीण पेगी लग्नाशिवाय राहिली. तिच्या अंगणातलं गवत अर्नी दर शनिवारी कापायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

इंग्लंडातल्या आमच्या लिंकनशायरमध्ये त्याच्या वयाच्या माणसाला युद्धाबद्दल कुणी विचारत नसे आणि तोही बोलत नसे. मग सत्तरी उलटल्यावर हॅलम नावाचा माणूस गाडी घेऊन दारात आला. हा विमानांची चित्रं छापून विकायचा. ठरावीकच प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, आणि खालच्या पांढऱ्या पट्टीत त्या लढाईतल्या माणसांच्या पेन्सिलीने केलेल्या सह्या. असल्या चित्रांसाठी लोक वेडे होतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

हॅलमने अर्नीचंच विमान चितारून घेतलं होतं. काळं आकाश, डाव्या पंखाला आग लागलेली, आणि पोटाखालून सरकत जाणारं जर्मन लढाऊ विमान. अर्नी बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आतले सहाजण दिसत नाहीत."

"त्यांची नावं खाली छापणार आहोत, लेगेटसाहेब," हॅलम म्हणाला.

त्या नावांसाठी अर्नीने सह्या केल्या. पहिली प्रत पेगीला दिली. तिने ती शेकोटीच्या वर लावली.

वर्षभराने हॅलम पुन्हा आला. तुमचं विमान पाडणारा वैमानिक सापडला म्हणाला. लोथार ब्रेमर, ओल्डेनबुर्गचा, गुरांचा निवृत्त डॉक्टर. तो येऊन त्याच चित्रांवर तुमच्या शेजारी सही करायला तयार आहे. अर्नी नाही म्हणाला. पण पेगीच्या कानावर गेलं आणि ती म्हणाली, "मला त्या माणसाला बघायचंय." मग प्रश्नच मिटला.

जुन्या धावपट्टीवरच्या विमानांच्या हँगरमध्ये सह्यांचा कार्यक्रम होता. दोघांना मीच गाडीतून नेलं. पेगी चॅपलला प्रार्थनेला जाताना घालायचा कोट घालून आली होती. आत दोन टेबलं होती, आणि जर्मनाच्या टेबलापुढची रांग अर्नीच्या रांगेच्या दुप्पट. अर्नी मला हळूच म्हणाला, "बघ, पाडणाऱ्याला जास्त गिऱ्हाईक."

पेगी शेकोटीवरचं चित्र घेऊन जर्मनाच्या रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर तिने हातमोजा काढला.

"मी डेनिस ब्रॅकनबरीची बहीण. मी तुम्हाला माफ करायला आले आहे."

तो उंच म्हातारा उठला. तिचा हात दोन्ही हातांत धरून नुसता उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. लोकांनी फोटो काढले. पेगीचा चेहरा मी जन्मात इतका मोकळा पाहिला नव्हता.

चहाच्या वेळी अर्नी त्याच्यापाशी गेला. त्याला एकच विचारायचं होतं.

"आमच्या विमानातून आणखी कुणी उडी मारलेली दिसली का तुम्हाला?"

ब्रेमर इंग्रजी सावकाश बोलायचा. "त्या रात्री माझ्या हातून दोन विमानं पडली," तो म्हणाला. "ढग होते. तुमचं त्यातलं होतं की नाही, मला माहीत नाही. हॅलम म्हणाले, वेळ जुळते."

"मग त्या बाईला तसं सांगितलं का नाही?"

"इतक्या वर्षांनी कुणी माफ करायला आलं, तर त्याला काय सांगायचं? शेजारच्या खिडकीवर चौकशी करा म्हणून?"

अर्नी तडक हॅलमकडे गेला. चित्रासोबतच्या प्रमाणपत्रावर 'त्या रात्री समोरासमोर आलेले दोघे' असं छापलं होतं.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"खोटं कशावरून? तोच नव्हता, हे तरी कोण सांगू शकेल?" हॅलमचा आवाज अगदी गोड होता. "आणि त्या बाईंकडे बघा ना. कुणाचं काही बिघडलंय का?"

अर्नीने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि गाडीत येऊन बसला.

महिनाभर तो पेगीला सांगू की नको करत राहिला. मी म्हटलंही, "जाऊ दे रे, तिला कशाला सांगतोस?" तो म्हणाला, "तिच्या आईला मी समोर बसून खरं सांगितलं होतं. हिला खोटं कसं चालवू?"

एका रविवारी आम्ही पेगीकडे चहाला गेलो. तिने मनुकांचा पाव आणि चीज पुढे ठेवलं. शेकोटीवरच्या चित्रात आता दोन सह्या होत्या. अर्नीने कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

पेगी म्हणाली, "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून."

"मग त्याच दिवशी सांगायचं होतंस. नाहीतर कधीच नाही." तिचा आवाज चढला नाही. "इतकी वर्षं मी कुणावर तरी जळत होते आणि त्याला तोंडच नव्हतं. एकदाचं मिळालं होतं, अर्नी. मला रात्रीची झोप लागायला लागली होती. तुला काय मिळालं सांगून?"

"पेगी, ते खरं नव्हतं ग."

"तू खरा आहेस ना, मग झालं तर. तू परत आलास तेव्हाही खराच होतास. तूच तेवढा आलास." ती उठली आणि तिने दार उघडून धरलं.

शनिवारी अर्नी गवत कापायला गेला, तर फाटकाला कुलूप. पुढच्या शनिवारीही. नंतर पेगीने पगारी माणूस लावला. चॅपलमध्ये ती त्याच्याशेजारून जायची, पण बघायची नाही. दोन हिवाळ्यांनी ती वारली, तेव्हा अर्नी शेवटच्या बाकावर बसला. लांबच्या नात्यातल्या भाच्याने घर आवरताना ते चित्र लिलावात दिलं. दोन्ही सह्या असल्यामुळे लगेच गेलं, असं तो अभिमानाने सांगत होता.

त्यानंतरच्या वसंतात हॅलम पुन्हा अर्नीच्या दारात आला. मला वाटलं, हाकलून देईल. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रांचा गठ्ठा होता आणि अर्नी एकामागून एक सह्या करत होता. चित्र वेगळं होतं. हॅम्बुर्गवरची कुठली तरी रात्र. तिथे अर्नी कधी गेलाच नव्हता.

"अरे, हे तुझं नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. कुणाचं काही बिघडलंय का?" तो म्हणाला, आणि त्याने पुढचा कागद ओढला.