उसनी विळी

पावस गावाच्या आतल्या अंगाला, कातळी सड्याच्या पायथ्याशी कुळवाड्यांची एक वाडी होती. त्या वाडीत लवू राहायचा. पोटाचा धंदा म्हणाल तर पावसाळ्यात खोताच्या जमिनीत भात लावायचं आणि उरलेलं वर्ष सुंभ वळायचं. सुंभ काय, वाडीत सगळेच वळत. पण लवू वळायला बसला की माणसं आपापला काथ्या काखेत मारून त्याच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जमत. त्याच्या हाताबरोबर त्याचं तोंडही चालायचं, आणि काय चालायचं म्हणून सांगू!

त्याच्या गोष्टीत राजा नसे, राणी नसे. फणस असे, घोरपड असे, बुडाला चीर गेलेली घागर असे. एका वर्षी खोताने कुळांच्या तोंडचं भात जरा जास्तच ओढून नेलं. त्या शिमग्यात लवूने फणसाची गोष्ट सांगितली. फणस फांदीचा रस पिऊन टम्म फुगतो आणि वर फांदीलाच दम देतो, "नीट धर हां मला, पडलो तर तुझीच अब्रू जाईल." खोत स्वतः पुढे बसला होता. पोट धरधरून हसला बिचारा! अख्खी वाडी त्याच्या पोटाकडे बघून हसत होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. लवूच्या अंगावर त्या दिवशी मूठभर मांस चढलं.

त्याची बायको काशी लवकर गेली. मागे एकच लेक, चिमा. शेजारची सखू म्हातारी तिला न्हाऊमाखू घालायची, बाकी पोर वाढली ती बापाच्या गोष्टींवरच. इतर बाप लेकीला भाकरी थापायला शिकवायची सोय बघतात. आमच्या लवूने तिला गोष्ट रचायला शिकवली. "नाव घ्यायचं नाय, बाय," तो सांगायचा. "माणसाच्या जागी वस्तू ठेवायची. रोज हाताखालची, साधी. आणि बाजूला एक भलताच माणूस उभा करायचा. म्हंजे ज्याला झोंबायचं तो त्या भलत्याकडेच बघत बसतो." चिमा मान डोलवायची. डोकं तिचं बापापेक्षा तल्लख होतं, हे लवू स्वतःच चारचौघांत सांगत फिरे.

चिमाचं लग्न पूर्णगडच्या खाडीपलीकडे झालं. नवरा खंडू मुंबईला गिरणीत, शिमग्याला चार दिवस यायचा. घरात सासू आवडाबाई, आणि घर सगळं तिच्या मुठीत. पहिल्या गौरीला चिमा माहेरी आली नाही. निरोप आला, कामं आहेत. दुसऱ्या गौरीलाही तोच निरोप. सखू कुरकुरायला लागली, "लवू, एकदा जाऊन बघून ये रे." मग कापणी झोडणी उरकल्यावर लवूने पंचा झटकला, चार नारळ आणि कुळीथ बांधून घेतले आणि खाडीवरच्या तरीत, माणसं नेणाऱ्या होडीत, बसून पलीकडे गेला.

आवडाबाईने स्वागत झकास केलं. "या, या व्याहीबुवा. वाट कशी चुकलात?" चिमाने पाय धुवायला पाणी आणलं. मनगटं काटकुळी झाली होती आणि हाताला भेगा होत्या.

"काय गो बाय, बरं चाललंय ना?" त्याने विचारलं.

"बरं चाललंय, बाबा."

आता असं विचारल्यावर पोरीने दुसरं काय सांगायचं, तुम्हीच सांगा. शिवाय आवडाबाई दोन हातांवर उभी. चिमा विहिरीवर गेली, सासू मागोमाग. गोठ्यात गेली, सासू तिथेही. लवूला वाटलं, काय ही माया! बापलेकींना एक शब्द एकांतात बोलता आला नाही, आणि या शहाण्याच्या ते लक्षातही आलं नाही.

गोष्टीवाला लवू आला म्हटल्यावर तिन्हीसांजेला आजूबाजूची माणसं पडवीत गोळा झाली. त्यात शेजारचा बाबल्या होता. बाबल्याचं एकच व्यसन, लोकांच्या वस्तू मागून न्यायच्या आणि परत करायच्या विसरायच्या. कुणाची कोयती, कुणाची शिडी, कुणाचा पाटा-वरवंटा, सगळं त्याच्या घरी. लवूने एक गोष्ट सांगितली, लोक हसले. तेवढ्यात माजघराच्या उंबऱ्यातून आवाज आला.

"बाबा, आज मी सांगू काय?"

लवूने आनंदाने मान डोलावली. आवडाबाई म्हणाली, "सांग की. बापाचे गुण बघू दे तरी आमाला."

चिमा उंबऱ्यातच बसली आणि बाबल्याकडे बघत सांगू लागली. एक होती विळी. एका घराने ती दुसऱ्या घराला वापरायला दिलीन. पहिल्या घरी तिच्यावर नारळ खवायचे, भाजी चिरायची, काम झालं की पुसून भिंतीला टेकून ठेवायची. दुसऱ्या घरी तिच्यावर लाकडं फोडायला लागले. दगड फोडायला लागले. पातं बोथटलं की तिलाच शिव्या. रात्री बाहेर, दवात. गंज चढला. एके दिवशी विळीचा धनी त्या घरी आला. पान खाल्लान, पाणी प्यायला, गप्पा मारल्यान. विळी त्याच्या पायाशीच पडली होती. तिला तोंड नव्हतं. ती आपली वाट बघत राहिली, धनी आता खाली बघेल, मग बघेल.

पडवीत खसखस पिकली होती. "बाबल्या, ऐकतोयस ना रे?" कुणीतरी म्हणालं. बाबल्या कान खाजवत ओशाळून हसत होता. लवूची तर छाती फुगली. काय पोर आहे! वस्तू साधी, रोजची. भलताच माणूस बरोब्बर समोर बसलेला. वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं, सगळं आपलं शिकवलेलं. तो कान देऊन ऐकत होता ते तिच्या कारागिरीला. तिच्या आवाजाला कंप सुटला होता, तर त्याला वाटलं, वा, आवाजही कसा लावलाय!

चिमा थांबली. मग पहिल्यांदाच बाबल्यावरची नजर काढून तिने बापाकडे बघितलं.

"शेवट मला येत नाय, बाबा. तुमी सांगा. धन्याने विळी घरी नेलीन काय?"

सगळी पडवी लवूकडे वळली. अशा वेळी लवूला आवरतंय कुठे! त्याने मांडीवर थाप मारली, बाबल्याकडे बोट केलं आणि हसत म्हणाला, "छे गो! धनी म्हणाला, एकदा दिली ती दिली. आता मोडली तरी तुमच्याच दारात मोडू दे!"

हास्याचा असा गदारोळ उठला की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. चिमा हसली नाही. उठली आणि आत गेली. सकाळी निघताना ती पाया पडली आणि मागे न बघता गोठ्यात गेली. लवूला वाटलं, बाप चालला म्हणून पोर हिरमुसली असेल.

घरी येऊन त्याने लेकीचं कौतुक ज्याला त्याला सांगितलं. अख्खी गोष्ट मात्र राखून ठेवली. ती रंगवून सांगायची म्हणजे जमलेलं खळं हवं. पौष उजाडला, वाडी काथ्या घेऊन बसायला लागली, तेव्हा त्याने चिमाच्या आवाजात, चिमाच्याच थांब्यांनी ती सांगितली. गंज चढला, असं म्हणाला आणि हशाची वाट बघत थांबला. कुणीच हसलं नाही. इथे बाबल्या नव्हता. बाबल्याला इथे कुणी ओळखतही नव्हतं. मधे बघायला भलता माणूस नसल्यावर राहिली काय ती नुसती विळी, आणि ती कोण हे पहिल्या चार वाक्यांत सगळ्यांना कळलं.

"विळी त्याच्या पायाशीच..." लवू बोलता बोलता अडखळला.

सखूने हातातला काथ्या खाली ठेवला. "मग शेवट काय सांगितलान तिने?"

"शेवट मलाच विचारलान. धन्याने विळी घरी नेलीन काय म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

लवूने सांगितलं. सखूने कपाळावर हात मारून घेतला. "अरे मेल्या, मला घरी ने म्हणत होती रे पोर! आणखी कसं सांगायचं होतं तिने?"

उजाडताना लवू खाडीवर होता. तरीवाला आळस देत होता, त्याच्यावर उभ्या आयुष्यात कुणावर ओरडला नसेल तसा ओरडला. पलीकडे उतरला तो धावतच सुटला. आवडाबाई खळ्यात भात वाळत घालत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा भाताकडे बघितलं.

"गेली ती," आवडाबाई म्हणाली. "गेल्या सोमवारी. ताप होता. खंडूला कळवलंय मुंबईला. तुमच्याकडे धाडायला माणूस नव्हतं."

"मी न्यायला आलो होतो," लवू म्हणाला. "तिला घरी न्यायला आलो होतो."

"आता?" आवडाबाईने हात थांबवला. तिचा आवाज चढला नव्हता, हेच लवूला पुढे जन्मभर आठवत राहिलं. "ती काय मागत होती ते मला तेव्हाच कळलं होतं, व्याहीबुवा. बाबल्याबिबल्या काय नाय, ती माझंच उणं काढत होती. माझ्या काळजात धस्स झालं. म्हटलं, आता हा माणूस लेकीला घेऊन जाणार आणि चार गावांत आमची छी थू करणार. आत जाऊन मी तिची लुगडीसुद्धा बांधून द्यायला काढून ठेवली. आणि तुमी हसलांत. चार माणसांत सांगितलंत, नाय नेत म्हणून. मंग मी कुणाला भ्यायचं होतं?"

लवू माजघराच्या उंबऱ्याकडे बघत राहिला.

"ताप चढला तेव्हा मीच म्हटलं, बापाला बोलवू काय गो?" आवडाबाई पुन्हा भातातून हात फिरवू लागली. "नको म्हणाली. म्हणाली, बाबांना एकदा विचारलंय मी."

त्यानंतर लवूने गोष्ट सांगितली नाही. लोकांनी आग्रह केला, शिव्या दिल्या, मग नाद सोडला. तो एकटाच सुंभ वळत बसे. पण दर वर्षी कापणी संपली की पंचा खांद्यावर टाकून निघायचा आणि वाडीतल्या दिलेल्या लेकींच्या घरी, जवळ लांब न बघता, एकेकीकडे जायचा. पाणी घ्यायचा नाही, बसायचा नाही. सासूसासऱ्यांच्या देखत खळ्यात उभा राहून विचारायचा, "बाय, घरी यायचंय काय? यायचं असेल तर आत्ता चल." सासरची माणसं चिडत. कुणी त्याला हाकलून दिलं, कुणी वेडा म्हटलं. पोरी बहुतेक लाजून हसत आणि नाही म्हणत, मग तो पुढच्या घरी जाई.

एका वर्षी वाडीतल्या शिवाची लेक कमळा हसली नाही. तिने हातातली घागर तिथेच ठेवली आणि नेसत्या लुगड्यानिशी त्याच्यामागून चालू लागली. तिची सासू ओरडत गावाच्या वेशीपर्यंत आली. लवूने मागे वळून बघितलं नाही. तरीत बसल्यावर कमळा रडायला लागली. "काका," ती म्हणाली, "तुमाला कसं कळलं?"

"मला काय कळत नाय, बाय," लवू म्हणाला. "म्हणून तर विचारतो."