गिरजेची काशी, काशीची भागीरथी

आमच्या घरची लोखंडी ट्रंक नांदेडच्या अभिलेखागाराला दिली, तेव्हा मी एकच अट घातली होती. कागद साफ झाले की पहिला हात माझा लागेल. मराठवाड्यातल्या जुन्या घरांची, दुकानांची दप्तरं जपणारी ती जागा. तिथल्या बाई शांत स्वभावाच्या, हातात पांढरे मोजे घालून काम करणाऱ्या. त्या हसून म्हणाल्या, "या ताई, पण पानं जरा हळू उलटा." मी लातूरहून पहिल्या गाडीनं निघाले. तीन महिने शिकवणी लावून मोडी शिकले होते, आणि अर्धवट शिकलेल्या माणसाला असते तेवढी घाई मला होती.

घाईचं खरं कारण लोह्याला राहतं. ऐंशी कधीच पार केलेली माझी आत्या. गेल्या वर्षी देवणीजवळच्या आमच्या गावी सगळं कुळ जमलं, तेव्हा चुलत्यांनी वंशावळीचा भलामोठा फ्लेक्स लावला होता. सात पिढ्यांचे बाप आणि त्यांचे मुलगे. आत्या काठी टेकत त्याच्यापुढं गेली, चष्मा सारखा करून वरून खालपर्यंत वाचलं आणि मला म्हणाली, "पोरी, मी कुठं हाय ह्याच्यात?" मीही त्यात नव्हतेच. पण मला नुसता राग आला, तिला फार लागलं.

लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं. माहेरच्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. ते नाव मी विचारलं तर सांगेना. "म्या सांगून काय उपेग? आपल्या घरच्या एका तरी कागदावर असंल तर तू वाचून दाव." म्हणून मी नांदेडला धावले होते.

ट्रंकेत काय नव्हतं! बाजाराच्या पावत्या, उर्दूतले दाखले, लग्नपत्रिका, कुणाच्या तरी औषधाची पुडी. आजोबा गुरांचे व्यापारी. रोज सकाळी कपाळाला विभूती लावून आधी गोठ्यात जायचे, मग चहा. त्यांची एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही माझ्यापुढं आली. पहिलंच पान उघडलं.

बायकांची नावं होती! गिरजा. खाली गिरजेची काशी. काशीची भागीरथी. भागीरथीची मैना. आणि पुढं, "थोरली उदगीरला दिली", "धाकटी औशाला दिली". आईवरून लेक, लेकीवरून नात. उजवीकडच्या रकान्यात बारीक, गिचमिड अक्षर होतं, ते मला लागेना. मी म्हटलं, राहू दे, नंतर बघू. आमच्या घरात आईवरून वंश लिहीत होते! मी तिथंच पानाचा फोटो काढायची परवानगी घेतली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चुलत्यांचं उत्तर लगेच आलं, "आपले पूर्वज काळाच्या पुढे होते." फ्लेक्स ज्यांनी लावला, तेच हे!

लगेच आत्याला फोन लावला. "आत्या, सापडल्या! सगळ्या बायका सापडल्या!"

"कोन कोन हाय?" तिनं घाईनं विचारलं.

मी वाचायला लागले. गिरजा, काशी, भागीरथी. तेवढ्यात बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या आणि मी सोडून दिलेला उजवा रकाना सहज वाचू लागल्या. "गिरजा. वानेरा. चार दात. शेपटीचा गोंडा काळा. डावं शिंग मागं वळलेलं."

वानेरा म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. अंग पांढरं, तोंडाच्या बाजू काळ्या, अशी देवणी गाय.

मी घाईनं फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. फोन चालूच होता आणि आत्यानं सगळं ऐकलं होतं. ती अशी हसत सुटली की तिला ठसका लागला. "अगं, गाईंची वही वाचायलीस तू! गिरजेचं दूध पिऊन तुझा बाप मोठा झाला!" मीही हसले, बाईही हसल्या. पण हसता हसता माझं डोकं तापलं. गाईंच्या पाच पिढ्या आईवरून नीट लिहून ठेवल्या, शिंगांचं वळणसुद्धा लिहिलं, आणि घरच्या बाईसाठी एक ओळ नाही? मी तसं आत्याला म्हणूनही टाकलं. तिचं हसू थांबलं. मला वाटलं, झालं, आता ती फोन ठेवणार.

"थांब," ती म्हणाली. "मैना हाय का बघ. भागीरथीची मैना. माझ्या लग्नात आबांनी, तुझ्या आजोबांनी, ती आंदण दिली. गाडीच्या मागं बांधून लोह्याला आली व्हती. लई रडले मी, तर तीबी हंबरायली."

पहिल्या पानावर तिचं नुसतं नाव होतं; पाच पानं पुढं मैनेची पूर्ण नोंद सापडली. आता मी एकही रकाना सोडणार नव्हते. बाईंनी भिंग दिलं आणि वाचनकक्षात फोनवर बोलायला मनाई असूनही, "तुम्ही बोला ताई," म्हणत दार लोटून घेतलं. मी एकेक अक्षर लावत गेले. मैना. भागीरथीची. वानेरा. दुसरं वेत. तिच्यापुढं आजोबांनी टाक नव्यानं बुडवला असावा, कारण शाई अजून काळीभोर होती. "चिरंजीव" असं लिहून एक नाव होतं, आणि त्यापुढं, "हिच्यासोबत लोह्यास आंदण."

ते तीन अक्षरी नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. दोनदा मनात लावून पाहिलं, बाईंना दाखवलं. त्यांनी मान हलवली. मी भिंग टेबलावर ठेवलं. ते नाव इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. मी फोन तोंडाजवळ धरला आणि आजोबांच्या अक्षरातलं ते नाव मोठ्यानं वाचलं.

पलीकडून आत्या म्हणाली, "ओ."