संगणकाच्या पुस्तकाचं मधलं पान

पुस्तक विकत घेण्याआधी तुम्ही त्यातलं कोणतं पान उघडून बघता? खरं सांगा. मुखपृष्ठ बघता, किंमत बघता, हातावर तोलून बघता. पण पान कोणतं?

आमच्या घरी शेवटचं पान उघडायची रीत होती. बाबा गुजराती मुलखात, भेस्तानजवळच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला होते. जयंतीच्या मेळाव्यातल्या स्टॉलवरून ते चळवळीच्या पातळ पातळ पुस्तिका आणायचे. स्टॉलवर उभ्या उभ्या आधी शेवटचं पान वाचायचे. म्हणायचे, "शेवटी काय करायला सांगतो ते बघायचं. काहीच करायला सांगत नसेल तर कशाला आपला वेळ खाल्ला त्यानं?" मी अक्षरं गिरवली ती या पुस्तिकांवरच. शाळेचे धडे मला मिळमिळीत वाटायचे. त्यांच्या शेवटी स्वाध्याय असायचे, मागण्या नसायच्या.

बारावीनंतर मी उधन्याच्या एका संगणक क्लासला जाऊ लागले. विहारात काढतो तशा चपला तिथेही दाराबाहेर काढायच्या. आत थंडगार खोली, पण तो गारवा आमच्यासाठी नाही, यंत्रांसाठी. शेजारच्या गल्लीतली माझी मैत्रीण सोबत होती. तिचं घर लूमवर काम करणारं, खानदेशी. चिडली की ती थेट अहिराणीत बोलायची.

पहिला टप्पा संपला तेव्हा क्लासच्या सरांनी सांगितलं, की पुढे ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर आहे. जो पास होईल तो प्रोग्रामिंगला जाईल. बाकीचे कापड मार्केटमध्ये बिलांच्या एन्ट्रीला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हारे एरिया की लड़कियों को हम एन्ट्री में ही डालते हैं. ये पेपर थोड़ा हेवी है."

"यानं आपलं वजन कधी केलं गं?" मैत्रीण माझ्या कानात म्हणाली.

मला हसू आलं नाही. अंगात काहीतरी पेटलं होतं. बिलं मारायला माझी हरकत नाही, ते कामच आहे. पण मी काय समजू शकते हे माझ्या एरियावरून ठरवणारा हा कोण? आणि मैत्रिणीचं तर याहून अवघड होतं. तिची आई म्हणायची, एन्ट्रीची नोकरी मिळत असेल तर शिक्षण बस झालं. एकदा मार्केटमध्ये गेली की ती परत शिकायला येणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

क्लासनं पुस्तक दिलं नाही. "खुद देख लो," म्हणाले. म्हणून आम्ही विहाराच्या वाचनालयाकडे गेलो. वाचनालय म्हणजे एक कपाट. त्यात कोणतं पुस्तक येणार ते रविवारच्या बैठकीत ठरायचं. बैठक हो म्हणाली आणि आम्ही दोघी बाबांना घेऊन चौक बाजाराजवळच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं दोन पुस्तकं पुढं टाकली. एक जाडजूड, इंग्रजी. दुसरं पातळ, हिंदी. मी सवयीनं शेवटचं पान उघडलं. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची नुसती यादी, बारीक अक्षरात. पातळ पुस्तकाच्या शेवटी ठळक छापलं होतं, की आता तुम्ही स्वतः संगणक चालवू शकता, आजच सुरुवात करा. बाबांनी मान डोलावली. "हे बघ, हे काम सांगतंय." मलाही पटलं. पटलं म्हणजे काय, ऊर भरून आला! जाड पुस्तक मी चाळलंसुद्धा नाही, पातळच घेतलं. संध्याकाळी पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर वाचनालयाचा शिक्का पडला, कारण आमच्याकडे शिक्का पडल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नसे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आळीपाळीनं मोठ्यानं वाचायला लागलो. फाइल कशी बनवायची, कशी पुसायची, कॉपी कशी करायची, सगळं होतं. मग मैत्रिणीनं क्लासमधून जुना प्रश्नपेपर आणला. पहिलाच प्रश्न असा, की दोन प्रोग्रामना एकाच वेळी प्रिंटर हवा असेल तर कोणाला आधी द्यायचा हे कोण ठरवतं, आणि कसं? आम्ही पुस्तक पालथं घातलं. छपाई सुरू करायची आज्ञा सापडली, कोण ठरवतं ते सापडलं नाही. दुसरा प्रश्न काढला. तेच.

मैत्रिणीनं पुस्तक आपटलं. "माले काहीच समजनं नही! हे नुसतं बटण दाब म्हणतं. का दाबू ते कोण सांगणार, तुझा बाप?"

"बापानंच तर निवडलंय," मी म्हणाले.

आम्ही पुस्तक बदलायला दुकानात गेलो. दुकानदारानं शिक्का बघितला आणि मान हलवली. "बेन, सिक्को मारेली चोपडी पाछी नी लेवाय." शिक्का मारलेलं पुस्तक परत कोण घेणार?

त्या आठवड्यात मला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना उठायचे, वाचताना उठायचे, गटाराच्या कडेकडेनं गल्ली संपेपर्यंत जायचे आणि परत यायचे. पेपर जवळ येत होता. क्लासच्या सरांनी मार्केटमधल्या एका पेढीचं नाव मैत्रिणीच्या आईला कळवलंही होतं. आई तिच्यासाठी नवी चप्पल घेऊन आली होती, नोकरीला जायची.

रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि दुसरं पुस्तक मागितलं.

वाचनालय सांभाळणारे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पोरी, एक घेतलं ना आत्ताच? त्याला काय झालं?"

मी भाषण सुरू केलं. ज्ञान, हक्क, आमचा एरिया, त्यांची मक्तेदारी, सगळं आलं. माझा आवाज चढत गेला आणि लोक चटईवर चुळबुळ करायला लागले.

"भाषण छान आहे," काका म्हणाले, "पण पुस्तकाचं बोल. आणि ते दुसरं इंग्रजी आहे म्हणे. कोण वाचणार ते?"

"आम्ही वाचू," मैत्रीण बसल्या जागेवरून म्हणाली. "डिक्शनरी घेऊन वाचू. पण याच्यात काहीच नाही हो काका. कुठूनही उघडून बघा."

बाबा उठले. पुढं जाऊन त्यांनी ते पातळ पुस्तक हातात घेतलं, पहिल्यांदाच मधोमध उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "यह आदेश टाइप करें. एंटर दबाएँ." पान उलटलं. "यह आदेश टाइप करें. एंटर दबाएँ." आणखी एक पान उलटलं. तेच.

मागून कोणीतरी म्हणालं, "हे तर आमच्या सुपरवायझरसारखं बोलतंय!"

सगळा विहार हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "आपली पुस्तिकापण शेवटी हुकूमच देते. पण त्याच्या आधी पंधरा पानं कारण देते. मी कारणाची पानं बघितलीच नाहीत. शेवट बघून भुललो."

काकांनी विचारलं, कोणाचा विरोध आहे का? नव्हता.

या वेळी दुकानात मी ते जाड पुस्तक मधोमध उघडलं आणि काउंटरपाशीच मैत्रिणीला अडखळत वाचून दाखवलं. एक प्रोसेसर आणि त्याची वाट बघणारे अनेक प्रोग्राम. रांग कशी लावायची, मोठं काम छोट्या कामाला किती अडवतं, एखाद्याची पाळी कायमची टळत राहू नये म्हणून काय करायचं, आणि तसंच का करायचं. प्रत्येक पद्धतीचा तोटासुद्धा दिला होता. मी थांबले. ज्या प्रश्नांवर आमच्या पुस्तिका भांडत होत्या, त्याच प्रश्नांवर हे पुस्तक शांतपणे डोकं चालवत होतं. पाळी कोणाची? ठरवणार कोण? "पुढं वाच ना," मैत्रीण म्हणाली. दुकानदार कंटाळून चहा प्यायला गेला.

आम्ही दोघी पेपर पास झालो. सरांच्या मते आमचं नशीब चांगलं होतं. मैत्रीण नवी चप्पल घालून प्रोग्रामिंगच्या वर्गात आली आणि दाराबाहेर तिनं ती सगळ्यांच्या चपलांच्या मध्ये काढली.

मला वाटलं होतं, आता राग निवेल. निवत नाही. अजून मी वाचनालयात जाते तेव्हा जाड पुस्तक कोरं करकरीत दिसतं आणि पातळ पुस्तकाची पानं गळायला आलेली असतात. आमच्याच वस्तीतले लोक आमच्याच मुलींच्या हातात अजून तेच ठेवतात. सोपं आहे, हिंदीत आहे, नोकरीपुरतं आहे. नोकरीपुरतं! आमच्यासाठी "पुरतं" किती, हे कोणी मोजलं?

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या वस्तीच्या वाचनालयात संगणकाचं जे पुस्तक असेल ते येत्या रविवारी मधोमध उघडा. सलग तीन पानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. त्या तीन पानांत एकही कारण सापडलं नाही, तर खाली बसू नका. उभ्या उभ्याच दुसरं पुस्तक मागा.